मधाचे बोट

गाय किंवा म्हैस व्याली की आमच्या वाईकडच्या घरांतून खरवसाचा बेत ठरलेलाच. पहिल्या दिवसाचा दाट पिवळा चीक, त्यात बेताने दूध, चांगला गूळ, वर वेलदोड्याची पूड आणि किसलेले जायफळ. पातेले वाफेवर चढले की घरभर वास सुटतो. शेजारीपाजारी वाटी-वाटी चीक पोचता होतो. मुले शाळेतून धावत येतात. पण या बेतालाही एक नियम असतो आणि तो गोठ्यातल्या गड्याला कुणी शिकवावा लागत नाही: आधी वासराने प्यायचे, उरेल तो चीक आपला. पोटात चीक न गेलेले वासरू तगत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

त्याच घरात, माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत, बाजेवर निजलेल्या बाळंतिणीचा चीक मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिळून टाकला गेला. का? तर तो ‘साचलेला’ असतो, ‘जड’ असतो, बाळाला पचत नाही. तीन दिवस बाळाने काय घ्यायचे? मधाचे बोट. कुणी त्यात सोने उगाळीत, कुणी तूप कालवीत, कुणी नुसतेच गुळाचे पाणी कापसाच्या बोळ्याने ओठांवर पिळीत. खोट्या आशेवर ठेवण्याला आपण मधाचे बोट लावणे म्हणतो. ही म्हण जिने प्रथम वापरली तिने एखादे तीन दिवसांचे पोर रडताना नक्की पाहिले असावे, असे मला आपले वाटते.

मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. वैद्यकीचा माझा अभ्यास नाही. शिक्षणही मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. परंतु एका कादंबरीत बाळंतिणीची खोली रंगवीत असता मला प्रश्न पडला, की वासराला द्यायचे आणि मुलाला नाकारायचे, हा सल्ला पहिल्याने कुणी दिला असेल? पुष्कळ सुशिक्षित माणसे याचे उत्तर चटकन देतात. म्हणतात, म्हाताऱ्या बायकांच्या अडाणी समजुती, दुसरे काय! मी त्या उत्तरावर थांबले नाही, जुनी पुस्तके काढून बसले. आणि पाहते तो, म्हाताऱ्या बायका दूरच राहिल्या. आरंभालाच मोठेमोठे वैद्य बसलेले.

सुश्रुताचे शारीरस्थान उघडावे. बाळंतिणीला दूध केव्हा येते? तीन किंवा चार रात्रींनंतर, असे तो सांगतो. मग तोवर मुलाला काय द्यायचे? पहिल्या दिवशी मध-तुपात औषधी कालवून तीन वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी औषधी घातलेले तूप. आणि चौथ्या दिवसापासून दूध. आमच्या घरातले तीन दिवस आणि ते मधाचे बोट इथेच, अगदी हिशेबासकट, सापडते. आता चरक पाहावा. त्याच्याकडेही जातकर्माच्या वेळी मंत्र म्हणून मध-तूप चाटवायचे आहेच. पण ते चाटवून झाले की लगेच पुढचे वाक्य असे, की त्याच विधीने मुलाला प्रथम उजवा स्तन पिण्यास द्यावा. तीन दिवसांची वाट नाही. म्हणजे आपल्याच दोन थोर आचार्यांचे या बाबतीत एकमत नाही. चरकाचे बोट मधाचे आणि लागलीच दुधाचे; सुश्रुताचे तीन दिवस निव्वळ मधाचे. घराघरांतून चालत आला तो मात्र सुश्रुताचा सल्ला, आणि चालत येताना त्यातली औषधी गळून गेली, उपास तेवढा उरला.

बरे, हे आपल्याच देशात झाले म्हणावे तर तसेही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा सोरानस म्हणून एक ग्रीक होऊन गेला. मूळचा इफेससचा. स्त्रियांच्या आरोग्यावर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. तोही मधच चाटवायला सांगतो! आणि आईचे दूध? ते पहिले वीस दिवस शक्यतो टाळावे, कारण बाळंतपणाने शिणलेल्या देहाचे ते दूध दाट आणि पचायला कठीण. त्याच्या आधीचा डॅमास्टिस नावाचा एक वैद्य म्हणे की निसर्गाने दूध आधीच तयार ठेवले आहे, तर ते मुलाला लगेच का देऊ नये? सोरानस त्याला खोडून काढतो. इकडे चरक आणि सुश्रुत, तिकडे डॅमास्टिस आणि सोरानस. भांडण तेच, आणि दोन्हीकडे जिंकला तो मधवाला. सोरानसला सुश्रुताचे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तान्ह्या मुलाविषयी ठामपणे बोलण्याचा मोह पुरुषाला कोणत्याही भूमीत आपोआप होतो, एवढाच याचा अर्थ मी काढते.

आजच्या डॉक्टरांचे म्हणणे काय आहे, तेही इथेच सांगून टाकते. वर्षाच्या आतल्या मुलाला मध मुळीच देऊ नये. मधातून क्वचित एका जंतूची बीजे पोटात जातात आणि कोवळ्या आतड्यात रुजून त्यांचे विष मुलाचे स्नायू लुळे पाडते. आणि जो चीक आपण पिळून टाकीत आलो, त्याच्या चमचा-अर्ध्या चमच्यात रोगांशी झुंजणारी द्रव्ये नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी दाट भरलेली असतात. तो थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी मुलाचे पोटही तेवढेच असते. शिवाय मूल अंगाला लागले, ओढू लागले, म्हणजेच पुढचे दूध उतरते. तीन दिवस मुलाला दूर ठेवायचे आणि चौथ्या दिवशी ‘हिला दूध कमीच’ म्हणून हळहळायचे, हा म्हणजे विहिरीवर पोहरा सोडायचा नाही आणि पाणी नाही म्हणायचे, तसला प्रकार झाला.

दूध ‘कमी’ म्हणण्याच्या जोडीला दुसरा शेरा असतो तो ‘पातळ’. बाळंतिणीला पाहायला आलेल्या दहा बायकांतील चार तरी हा शेरा मारून जातात. यावरही मी जुने ग्रंथ चाळले आणि मला हसू आवरेना. सुश्रुताने दुधाची परीक्षा दिली आहे ती अशी: दूध पाण्यात सोडून पाहावे, जे थंड, निर्मळ, शंखासारख्या रंगाचे, पाण्याशी एकजीव होणारे, ज्याला फेस नाही, तंतू नाहीत, जे तरंगत नाही की बुडत नाही, ते शुद्ध. आणि या गुणांच्या माळेत आणखी एक शब्द आहे: ‘तनु’, म्हणजे पातळ! शुद्ध दूध पातळच असावे, असे खुद्द सुश्रुत म्हणतो. सोरानसची परीक्षा वेगळी. तो थेंब नखावर किंवा पानावर टाकून पाहतो. फार भराभर ओघळता कामा नये, चिकटूनही बसता कामा नये. आमच्या मावशा-आत्यांनी मधाचे बोट एवढ्या श्रद्धेने उचलले, तो ‘तनु’ शब्द मात्र वाटेत कुठे सांडला कोण जाणे. म्हशीच्या दुधाची साय पाहून पाहून आपल्या डोळ्यांना दाटपणाची सवय झालेली, हे त्याचे कारण असेल.

आता दाईकडे वळू. आईचे दूध पुरत नसेल किंवा आई आजारी असेल, तर दुसरी आई पाहणे हा जुना आणि खरा उपाय. सुश्रुताने धात्री कशी निवडावी याचे वर्णन एखाद्या स्थळाचे करावे तसे केले आहे. आपल्या इतिहासात तर एक दाई अशी आहे की तिचे नाव घेताना महाराष्ट्राचे मन आजही हलते. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती बरी नव्हती; बाळाला पाजायला कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ आली. १६५९ साली सईबाई गेल्या. दोन वर्षांच्या पोराला आई आठवत असेल ती धाराऊच्याच कुशीतली. तिचे मुलगेही पुढे महाराजांच्या सेवेत राहिले. ही सारी गोष्ट आपण भक्तीने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु मला, बाई म्हणून, नेहमी आणखी एक प्रश्न पडतो: दाई म्हणजे जिच्या अंगावर दूध आहे अशी बाई, म्हणजे जिचे स्वतःचेही तान्हे आहे किंवा नुकतेच होते. त्या तान्ह्याचे काय होत असेल? धाराऊचे घर मातब्बर होते, तिच्या मुलांची आबाळ झाली नाही. सगळ्याच दायांचे असे नव्हते.

हा प्रश्न मोकळेपणी विचारणारी एक बाई मला सापडली ती दूर इंग्लंडात. तिचे नाव एलिझाबेथ क्लिंटन; लिंकनच्या अर्लची विधवा, मोठ्या सरदार घराण्यातली. तिला अठरा मुले झाली. अठरांपैकी एकालाही तिने अंगावर पाजले नाही. त्या थरातल्या स्त्रियांनी पाजायचे नसते, दाया ठेवायच्या असतात, अशी तिथली रीत. १६२२ साली या बाईने एक छोटी पुस्तिका छापली. आपण मुलांना पाजायला हवे होते, हे तिने त्यात उघड कबूल केले आहे. का पाजले नाही, हेही सांगितले आहे: काही अंशी दुसऱ्याच्या हुकमतीपुढे आपले चालले नाही आणि काही अंशी लोकांच्या वाईट सल्ल्याने आपण फसलो. हुकमत कुणाची हे ती लिहीत नाही. नवऱ्याची असेल, सासरची असेल. एवढ्या दायांपैकी मनापासून काळजी घेणाऱ्या दोनच निघाल्या, आणि आपली एक-दोन बाळे दायांच्या हेळसांडीने गेली असावीत अशी भीती तिने बोलून दाखवली आहे. वाचताना अंगावर काटा येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या सरदारणीला, जिच्या घरी दास-दासींचा सुकाळ, स्वतःच्या मुलाला जवळ घ्यायची मुभा नव्हती!

पण मला तिचे खरे कौतुक वाटते ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे, गरीब बाईला आपले लेकरू दूर सारून श्रीमंताचे लेकरू पाजायला लावणे अन्यायाचे आहे, हे तिने स्पष्ट लिहिले. दुसरी गोष्ट आपल्याकडच्या घरांत अधिक लक्षात ठेवण्याजोगी. ही पुस्तिका तिने अर्पण केली आहे आपल्या सुनेला. सून ब्रिजेट हिने रीत मोडून आपले मूल स्वतः पाजायला घेतले होते आणि सासू तिची पाठ थोपटते आहे. सासूने सुनेला दिलेला सल्ला पुस्तकरूपाने छापला गेला आणि तो ‘तू करतेस तेच बरोबर’ असा होता, असे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

गरीब दाईच्या मुलाचा जो प्रश्न त्या बाईने विचारला, त्याला आपल्या मुंबईत एक चांगले उत्तर मिळाले आहे. १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. जिला आपल्या बाळाला पाजून दूध उरते तिने ते द्यायचे, ते तापवून निर्जंतुक करून ठेवायचे, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना पाजायचे. इथे कुणाचे तान्हे कुणासाठी दूर सारावे लागत नाही. गोठ्यातला नियम इथे माणसांना लागू झाला: आधी आपले वासरू, मग उरेल ते दुसऱ्याचे.

अठराव्या शतकापासून युरोपात वारे फिरले. १७४८ साली ब्रिस्टलच्या विल्यम कॅडोगन नावाच्या डॉक्टरने अनाथाश्रमाच्या चालकांसाठी एक निबंध लिहिला. आईनेच पाजावे, मुलाला बांधून-आवळून ठेवू नये, असे पुष्कळ चांगले त्यात आहे. पण सूर कसा? हे काम फार दिवस बायकांच्या हाती राहिले, आता जाणत्या पुरुषांनी ते हाती घ्यावे, असा! आणि जाणत्या पुरुषाने लगोलग नियम घातला: चोवीस तासांत चार वेळा पाजावे, रात्री पाजू नये. रात्री दोनला हंबरडा फोडणाऱ्या मुलाला हा निबंध कुणी वाचून दाखवला असेल? त्याच सुमारास स्वीडनमध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने दाया ठेवण्याविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, १७५२ साली, आणि पुढे १७५८ मध्ये प्राण्यांची वर्गवारी करताना माणूस, गाय, देवमासा या सर्वांना मिळून त्याने जे नाव दिले ते स्तनांवरून. आपण शाळेत ‘सस्तन प्राणी’ म्हणून शिकवतो ते हेच. दरसाल फळ्यावर तो शब्द लिहिताना मला त्या पुस्तिकेची आठवण होते.

घड्याळाचा खरा अंमल बसवला तो न्यूझीलंडच्या ट्रुबी किंग या डॉक्टरने. वेड्यांच्या इस्पितळाचा हा प्रमुख. इस्पितळाच्या शेतावर वासरांना वरचे दूध कसे द्यावे याचे त्याने प्रयोग केले आणि वासरांवरून तो मुलांकडे आला. १९०७ साली त्याने माता-बालकांसाठी संस्था काढली. आईचेच दूध द्या, असे तो कळकळीने सांगे. पण चार-चार तासांनी, ठोका पडल्यावर, आणि रात्री नाही. मध्येच मूल रडले तर रडू द्यावे. हे शास्त्र इंग्रजी राज्याबरोबर देशोदेशी हिंडले. आमच्याकडेही ‘सारखे पाजून पोराला वाईट सवय लागते’ असे सांगणारी एखादी काकू भेटते ना, तिच्या तोंडून कॅडोगन आणि किंगच बोलत असतात. बिचारीला त्यांची नावेही ठाऊक नसतात.

पुढची पायरी डब्याची. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्लेने दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांचे मुलांसाठी खाणे तयार करून विकायला काढले. ज्यांना आई नव्हती अशा मुलांना त्याचा आधार झाला असेल, नाही म्हणत नाही. पण माल एकदा तयार झाला की तो गरज नसलेल्यांनाही खपवावा लागतो. १९३९ साली सिंगापूरमध्ये सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी रोटरी क्लबात एक भाषण केले. त्याचे नाव होते ‘दूध आणि खून’. गोड घट्ट दुधाचे डबे तान्ह्या मुलांसाठी म्हणून गरीब आयांच्या गळी उतरवले जात होते आणि मुले मरत होती; याला खून म्हणावे, असे त्यांनी व्यापाऱ्यांसमोर ठणकावून सांगितले. जगाला ऐकू यायला बेचाळीस वर्षे लागली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेत डब्यांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली, तेव्हा ११८ देश बाजूने आणि एकटी अमेरिका विरुद्ध. आपल्याकडे १९९२ साली कायदाच झाला: तान्ह्यांच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायची नाही, आईला फुकट नमुना द्यायचा नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापायचे नाही.

कायदे झाले तरी बाळंतिणीच्या खोलीतले राज्य हळूहळूच बदलते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा ४१.८ निघाले. बाकीच्यांची कारणे अनेक असतील, शस्त्रक्रियेने झालेली बाळंतपणे असतील. पण त्यांत मधाचेही काही वाटेकरी असणारच.

इतके सगळे वाचल्यावर सुश्रुतावर माझा राग बसायला हवा होता. बसला नाही. कारण त्याच अध्यायात पुढे एक जागा आहे. बाळंतिणीचे दूध का आटते? राग, शोक आणि मुलाविषयी माया नसणे, अशी कारणे तो देतो. आणि दूध यावे म्हणून काय करावे? तो पदार्थांची लांबलचक यादी सांगतो: जव, गहू, साठीचे तांदूळ, मांसरस, मद्य, लसूण, मासे, शिंगाडे, कमळाचे देठ, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी. आमच्या घरांनी त्यातले मद्य गाळले, लसूण आणि शतावरी ठेवली, अळीव, डिंक, खसखस आपल्या पदरची घातली. पण यादीच्या आधी एक शब्द आहे. ‘सौमनस्य’ उत्पन्न करून, म्हणजे तिचे मन प्रसन्न करून, मग हे पदार्थ द्यावेत. आधी मन, मग लसूण. आम्ही यादी पाठ केली आणि पहिला शब्द विसरलो.

माझ्या थोरल्या मुलीच्या वेळची गोष्ट. वीस वर्षे होऊन गेली. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. चौथा दिवस, मूल रडत होते, दूध म्हणावे तसे उतरले नव्हते. खोलीत मावशी, आत्या, थोरल्या काकू, शेजारच्या दोघीजणी, आणि पाचवीसाठी आदल्या दिवशीच आलेल्या सासूबाई व वन्सं. मावशी म्हणाली, “हिचं दूध पातळच दिसतंय.” आत्याने मत दिले, “पोर उपाशी मरतंय, वरचं लाव आता. बोंडलं आहे ना घरात?” काकूंना तांब्यातले पाणी खटकले, “एवढं पाणी पिऊ नये गं बाळंतिणीनं.” सासूबाई मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, “आमच्या घराण्यात कुणाला दूध कमी पडलं नाही हो कधी.” सगळ्या माझ्या मायेच्या, एकीच्याही मनात वाईट नव्हते. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते.

तेवढ्यात माझी आजी, वडिलांची आई, दाराशी आली. पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली, कमरेत वाकलेली, एरवी फारशी न बोलणारी. म्हणाली, “चला गं सगळ्याजणी ओटीवर. पोहे झालेत, निवतील.” सगळ्या उठल्या. आजीने दार ओढून घेतले आणि बाहेर उंबऱ्याशी तांदळाचे सूप घेऊन बसली. पोहे अजून फोडणीलाही पडले नव्हते, हे मला मागून कळले. खोलीत मी आणि मुलगी. सुपातल्या तांदळाचा आवाज तेवढा येत होता. अर्ध्या तासाने पान्हा फुटला तो असा, की पोरीला ठसका लागला. संध्याकाळी आजी एवढेच म्हणाली, “गाय देखील परक्यापुढं पान्हा चोरते बाई. ही तर माणूस.”

हे आजीचे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर उतरलेले आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. १९४८ साली अमेरिकेत न्यूटन नावाच्या पती-पत्नींनी एका आईवर प्रयोग केला. मूल पीत असता तिला मुद्दाम त्रास द्यायचा: पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, पायाचा अंगठा ओढायचा, तोंडी गणिते घालायची आणि उत्तर चुकले तर विजेचा बारीकसा झटका. (तोंडी गणितांचा असा उपयोग होतो हे मला शाळेत चाळीस पोरांपुढे उभी असूनही सुचले नव्हते.) आणि मुलाच्या पोटात किती दूध गेले ते वजन करून पाहायचे. त्रास नसताना १६८ ग्रॅम. त्रास दिल्यावर ९९. मग त्रास चालू ठेवूनच तिला ऑक्सिटोसिन या द्रव्याची सुई टोचली, तर पुन्हा १५३. दूध आतमध्ये होतेच. ते सोडून देणारे द्रव्य मनाच्या त्रासाने अडत होते. माझ्या खोलीत बर्फाचे पाणी नव्हते. सात बायका होत्या.

आता ओटीवरच्या बायकांची जागा फोनने घेतली आहे. माझ्या पुतणीच्या बाळंतपणात परवा पाहिले: सल्ला पुण्याहून येतो, नागपूरहून येतो, अमेरिकेतल्या मावसबहिणीचा मध्यरात्री येतो. दार ओढून घ्यायची सोय राहिलेली नाही. मात्र बाळ तासाभरात आईच्या अंगावर दिले गेले होते, आणि एका आत्याबाईंनी पर्समधून आणलेली मधाची बाटली परिचारिकेने गोड हसून खिडकीत ठेवून दिली.

त्या सव्वा महिन्यात, बाजेवर पडून पडून कंटाळले म्हणजे, मी आजीशी गप्पा मारीत असे. एकदा विचारले, “आजी, तुझ्या वेळी गं?” ती तांदूळच निवडत होती. म्हणाली, “चीक पिळून टाकला. तीन दिवस मध. चौथ्या दिवशी पाजलं.” तिला सहा मुले झाली, चार राहिली, गेलेल्या दोघांतला एक पहिला मुलगा, दहाव्या दिवशी गेला. तो कशाने गेला ते तिला कुणी सांगितले नाही आणि तिनेही कधी विचारले नाही. मी म्हटले, “पिळून टाक म्हणून सांगितलं कुणी?”

“सासूबाईंनी,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “स्वभावानं फार चांगल्या होत्या त्या. माझ्यासाठी रात्र रात्र जागल्या.” आणि सुपातला खडा बोटाने बाजूला काढला.